मास्कच्या आतलं मीठ

जुन्या धक्क्याच्या शेवटच्या खांबाची पाहणी सलग तिसऱ्यांदा अर्धवट राहिली, तेव्हा मुकादमानं मौनीला बाजूला घेतलं. तो मुळात वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर वरचे साहेब बसलेले होते. त्यानं सरळ सांगून टाकलं की गळका मास्क घालून पुन्हा खाली गेलास आणि काम सोडून वर आलास, तर यापुढे तुझं पाण्यात उतरणं बंद. मग होडीत बसून दुसऱ्यांचे दोर धरायचे. पगार तोच मिळेल, शिवाय अंग कोरडं राहील.

दुसरा कोणी असता तर त्यानं पेढे वाटले असते. मौनीला मात्र ते नको होतं. त्याला त्या खांबापाशी जायचं होतं. पगारवाढ नको, बढती नको, एवढंच हवं होतं, आणि ते का हवं हे कोणाला सांगणं त्याला शक्यच नव्हतं.

मौनी हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बंदरावरच्या लोकांनी ठेवलेलं ते नाव त्याला मापात शिवल्यासारखं बसलं होतं. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, धक्क्याचे खांब कुठं झिजलेत ते बघायचं, असं त्याचं काम. वर आला की 'झालं' किंवा 'राहिलं' यांतला एक शब्द बोलायचा आणि चहा प्यायचा. त्याची बायको म्हणायची, या माणसाशी संसार म्हणजे भिंतीशी गप्पा, पण भिंत निदान पोळी करपली म्हणून तोंड वाकडं करत नाही.

पूर्वी त्याच्या वाटचं बोलायला त्याचा जोडीदार होता. पाणबुडे जोडीनंच उतरतात, आणि या जोडीत दोघांत मिळून एकच तोंड होतं, ते जोडीदाराच्या चेहऱ्यावर. तो मुकादमाच्या नकला करायचा, जहाजावरच्या खलाशांशी त्यांच्या भाषेत भांडायचा. पाण्याखाली बोलता येत नाही याचा त्याला कोण राग! त्याचं उट्टं तो खोडी काढून फेडायचा. मौनी कामात गढलेला असला की मागून यायचं, त्याच्या मास्कच्या कडेखाली बोट घालायचं आणि चमचाभर पाणी आत सोडायचं. मौनीला थांबून, डोकं वर करून, काच कपाळाशी दाबून नाकानं फुंकत ते पाणी बाहेर काढावं लागायचं. समोर हा बुडबुडे सोडत हसत असायचा.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मौनीचं नाक चोंदलं होतं. सर्दी झालेल्या माणसानं पाण्यात उतरू नये, कान फाटतात, हे पाणबुड्यांच्या पहिल्या दिवसाचं शिक्षण. मौनी घरी थांबला. जोडीदार म्हणाला, शेवटचा एकच तर खांब आहे, मी उरकून येतो. तो एकटाच गेला. खांबाला गुंडाळलेल्या जुन्या दोरात त्याचा पाय अडकला, आणि तो सोडवायला दुसरं कोणी जवळ नव्हतं. संध्याकाळी त्याला वर काढलं. मास्क तेवढा सापडला नाही, तो गाळात कुठं गेला कोण जाणे. त्यानंतर मौनीनं दुसरी जोडी केली नाही, होडीतून कोणीतरी दोर धरायचं आणि तो एकटाच उतरायचा.

आणि तेव्हापासून मौनीच्या मास्कमध्ये पाणी यायचं. नेमकं त्याच खांबापाशी. बाकी धक्काभर फिरला तरी थेंब नाही, पण शेवटच्या खांबाशी आला की नाकाच्या डाव्या बाजूनं गार पाण्याची रेघ आत सरकायची. एका हातात दिवा, एका हातात खरवडणी, आणि पाणी डोळ्यांपर्यंत चढत यायचं. ते फुंकून काढलं की पुन्हा यायचं. गढूळ पाण्यात दिव्याचा उजेड पडला की काचेच्या आतल्या बाजूला स्वतःचेच डोळे दिसतात, हे त्याला माहीत होतं. तरी ते डोळे आपले नाहीत असं त्याला वाटायचं. पहिल्यांदा तो घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं की हे बोट ओळखीचं आहे. घाबरणं संपलं आणि ओढ लागली, आणि ही ओढ भीतीहून वाईट होती.

पण मुकादमाला हे सांगून चाललं नसतं. मास्क बदलून तर त्यानं धमकीच्या आधीच पाहिले होते.

मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत दुकानात तो आधी गेला होता. तिथल्या पोरगेल्या विक्रेत्यानं त्याला रंग विचारला. मौनीनं जन्मात मास्कला रंग असतो असा विचार केला नव्हता. त्यानं काळा घेतला, आणि तो शेवटच्या खांबाशी गळला. मग बायकोनं फोनवरून एक मागवला. चित्रात तो फार देखणा होता. घरी आल्यावर कळलं की तो कोणा रुंद तोंडाच्या माणसासाठी बनवलेला आहे, मौनीच्या चेहऱ्यावर नाकापेक्षा मोती जड. तिसरा त्यानं एका निवृत्त पाणबुड्याकडून जुना घेतला, त्याची सिलिकॉनची झालर पिवळी पडून कडक झालेली. स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात मास्क साठत गेले. बायको डबा काढायला वाकली की तिला तीन रिकामे चेहरे दिसायचे. मुकादमाची धमकी कळल्यावर ती म्हणाली की काखेत कळसा आणि गावाला वळसा हे आता बास करा, वहिनींच्या दुकानात जा.

वहिनी म्हणजे जोडीदाराची बायको. मासळी बाजारामागच्या गल्लीत तिचं पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान होतं, आणि चेहरा बघून मास्क द्यावा तो तिनंच, असं सगळं बंदर म्हणायचं. मौनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. रोज सकाळी तो मुद्दाम लांबच्या गल्लीनं जायचा, दुकानाच्या समोरच्या बाजूनं, मान खाली घालून. आत मात्र तीन वर्षांत एकदाही गेला नव्हता. काय तोंड घेऊन जायचं? सर्दी झाली होती म्हणून मी जिवंत आहे, हे कोणत्या शब्दांत सांगतात? बोलक्या माणसालाही जमलं नसतं, हा तर मौनी.

शेवटी काळा मास्क पिशवीत घालून तो गेला. वहिनी स्टुलावर उभी राहून आकड्यांना मास्क टांगत होती. मागची अख्खी भिंत मास्कनी भरलेली, एकाहीमागं डोळे नाहीत. तिनं वळून पाहिलं, खाली उतरली, आणि कालच भेटल्यासारखं म्हणाली, "या, भावजी. बसा."

तिनं चहा विचारला नाही की तीन वर्षांचा हिशेब विचारला नाही. कुठून गळतो तेवढं विचारलं. त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, अंगठ्यानं कपाळ, गालाची हाडं, नाकाखालची जागा चाचपली. मिशी नाही हे बरं, म्हणाली, तिच्यावर झालर चिकटत नाही, निम्मे लोक मिशीसाठी बुडतात. मग एक मास्क काढला, त्याला वर बघायला सांगितलं आणि पट्टा न लावता चेहऱ्यावर नुसता ठेवला. नाकानं हलका श्वास आत घ्या, आणि आता मान खाली करा. मौनीनं मान खाली केली. मास्क चिकटून राहिला.

"हा तुमच्या मापाचा आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही आणलेला काळाही तुमच्या मापाचा आहे. तो गळायला नको."

दुकानाच्या मागं पाण्याचं एक मोठं पिंप होतं. वहिनीनं त्याला मास्क लावून, हवेची नळी तोंडात देऊन पिंपात डोकं घालायला लावलं. कोरडा. मान हलवायला लावली, तरी कोरडा. घोडं कुठं पेंड खातंय ते तिला बहुधा तेव्हाच कळलं असावं. तिनं त्याला पुन्हा डोकं घालायला सांगितलं, आणि या वेळी म्हणाली की नळी तोंडात असू दे, पण काहीतरी बोला. काहीही. मौनी पाण्यात 'हो' म्हणाला. त्याच्या कानांना नुसतं घूं ऐकू आलं. गाल वर सरकला, नाकाच्या डाव्या बाजूची सुरकुती उघडली आणि गार पाण्याची ती ओळखीची रेघ आत आली.

तो डोकं वर काढून उभा राहिला. चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, त्यामुळं त्यातलं पिंपातलं किती आणि डोळ्यांतलं किती ते कळायला मार्ग नव्हता. तीन वर्षं ज्याला तो जोडीदाराचं बोट समजत होता, तो त्याचा स्वतःचा गाल होता. इतका एकटा तो त्या सर्दीच्या दिवशीही नव्हता.

वहिनीनं त्याला टॉवेल दिला आणि विचारलं, "तिथं कोणाशी बोलता, भावजी?"

मौनीनं टॉवेल तोंडावर धरला. आपण बोलतो हे त्यालाही आत्ताच धड कळत होतं.

"त्याच्याशीच," तो म्हणाला.

"काय बोलता?"

"तुमचं सांगतो. दुकान उघडं होतं. दाराला हिरवा रंग दिलाय. परवा तुम्ही बाहेर पाटी पुसत होतात, खोकत होतात. असंच."

वहिनी स्टुलावर बसली. म्हणजे रोज समोरून मान खाली घालून जाणारा हा माणूस तिची खबर नेऊन पोचवत होता. ती खिडकीतून त्याला जाताना बघायची आणि मनात शिव्या घालायची, हेही तिनं त्याला तिथंच सांगून टाकलं. भिंतीवरचे मास्क तेवढे त्यांच्याकडे बघत राहिले.

उठल्यावर तिचा आवाज दुकानदाराचा झाला होता. तिनं तोच मास्क बांधून दिला. बोललात तर कुठलाही मास्क गळणार, म्हणाली, आणि मुकादम तुम्हाला वर बसवणार. तेव्हा एकदाच शेवटचं बोला. त्याला सांगा, आता जा. आमची वाट बघू नकोस, आम्हीही बघत नाही. आणि वर आलात की मास्क गोड्या पाण्यात न धुता तसाच माझ्याकडे आणा. पाणी आत शिरलं असेल तर वाळल्यावर मिठाची रेघ उरते, त्यावरून मला गळती बघता येते.

दुसऱ्या दिवशी मौनी उतरला. एकेक खांब तपासत शेवटच्या खांबाशी आला. मास्क कोरडा होता. त्यानं दिवा वर धरला. काचेत डोळे दिसले, आणि आज ते त्याचेच होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला तो खांब नीट दिसला. शिंपले, शेवाळ, तळाशी झिजलेला भाग, दोर केव्हाच कापून नेलेला. बाकी कोणी नव्हतं. 'आता जा' एवढे दोनच शब्द त्याला बोलायचे होते. ते जिभेवर आले, आणि त्यानं नळी दातांनी घट्ट चावली. ते शब्द गेले की या खांबाशी येऊन बोलायचं कोणाशी? त्यानं खांबाची पाहणी पूर्ण केली, मोजमाप घेतलं आणि वर आला. "झालं," तो म्हणाला. मुकादमानं त्याची पाठ थोपटली.

संध्याकाळी तो दुकानात गेला. मास्क फडक्यात गुंडाळून आणला होता.

"सांगितलं," तो म्हणाला.

वहिनीनं मास्क दिव्याखाली धरला. बाहेरच्या काचेवर मिठाचे पांढरे डाग होते. तिनं झालर उलटी करून आतल्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाच्या डाव्या बाजूला दोनदा फिरवलं, आणि ते बोट जिभेला लावलं.

"आत मीठ नाही, भावजी."

मौनी चोरी सापडल्यासारखा उभा राहिला. जमलं नाही, असं काहीतरी पुटपुटला. उद्या नक्की सांगतो म्हणाला.

"नका सांगू," वहिनी म्हणाली. "काल तुम्ही गेलात आणि मला वाटलं, मी हे काय करून बसले. रात्रभर जागी होते. आज दिवसभर दार उघडं ठेवून बसले, तुम्ही सांगितलं नसावं अशी आशा करत."

मग तिनं डोळे पुसले, खाली बसली आणि सगळ्यात खालच्या फळीवरून एक मास्क ओढून काढला. त्याच्या नाकाखाली छोटी रबरी झडप होती. असले मास्क पोहायला शिकणारे घालतात, बंदरावरचे पाणबुडे त्यांना हसतात. यात पाणी येऊ दे, तिनं समजावलं, नाकानं फुंकलं की झडपेतून आपोआप जातं, हात लावावा लागत नाही, दोन्ही हात कामाला मोकळे. लोक हसतील, त्यांना हसू दे.

मौनीनं तो चेहऱ्यावर धरला, वर बघितलं, श्वास आत घेतला. बसला. त्यानं मास्क काढून हातात घेतला आणि दारापर्यंत जाऊन थांबला.

"उद्या काय सांगू त्याला?"

वहिनीनं थोडा विचार केला.

"सांगा," ती म्हणाली, "की तुम्ही आत आलात."