करंगळी सोडून

अक्का बोलता बोलता मध्येच उजवा हात जोरात झटकायच्या. भांडी घासून उठलेली बाई हातावरचं पाणी झटकते ना, अगदी तसा. नवीन आलेली मुलगी दचकून आपल्या अंगावर शिंतोडे उडाले का ते बघायची आणि बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. अक्कांची ही नक्कल मी फार हुबेहूब करायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोष्ट रंगली की मला अंग काढून घेता येणार नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. देशाची दारं उघडली होती आणि हैदराबादेत गल्लोगल्ली अमेरिकेचं काम येऊ लागलं होतं. कुकटपल्लीत टाइल्सच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तिकडचे डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकिकत तोंडाने रेकॉर्ड करून ठेवत. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे येई आणि आमच्या मुली कानाला हेडफोन लावून ते टाईप करत. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन गेलेला, सत्तावीस वर्षांचा. मुलींनी टाईप केलेलं तपासायचं आणि चुकांभोवती लाल गोल काढायचे, हे माझं काम. हातात लाल पेन आलं की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटू लागतं. मला जरा जास्तच वाटायचं.

अक्का पंचेचाळिशीच्या. घराणं मूळचं नांदेडकडचं, पण निजामाच्या काळापासून अंबरपेठेत स्थायिक झालेलं. वीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या ऑफिसात टाइपरायटर चालवला. कारखाना बंद पडला, नवऱ्याने दम्यामुळे काम सोडलं आणि सगळं घर अक्कांच्या दहा बोटांवर आलं. तेलुगू मुली थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आपल्याकडेही म्हणतात. त्यामुळे त्यांचं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

टाइपरायटरची सवय त्यांच्या हातातून गेली नव्हती. मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवून, पंजे वर मोडून, त्या कीबोर्डवर असे घाव घालायच्या की शेजारच्या मुलीचा चहा हिंदकळायचा.

"अक्का, कीबोर्ड आहे तो, उखळ नाही," मी म्हणायचो.

"आवाज नाही आला तर अक्षर पडलं का नाही, कळंल कसं साहेब?"

यावरही सगळे हसायचे, अक्कासुद्धा. टेबलं आमची उंच होती, खुर्च्या बुटक्या होत्या, आणि आठ-आठ तास ती मनगटं त्या कडेवर दाबली जात होती. मला मात्र फक्त आवाज ऐकू यायचा.

"तिम्मिरी आली" हा त्यांचा ठरलेला शब्द. तेलुगूत मुंग्या येण्याला तसं म्हणतात. अंबरपेठेहून येताना बसमध्ये वरची दांडी धरली की तिम्मिरी, भाजी चिरली की तिम्मिरी, पहाटे झोपमोड होते तीही तिम्मिरीने. चहाचे दोन कप त्यांच्या हातून पडून फुटले, तेव्हापासून त्या स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायच्या. विचारलं तर चेष्टेवारी न्यायच्या. "अंगठा नि ही दोन बोटं सुन्न पडू लालेत. करंगळी तेवढी गुणाची हाय, तिला काही होत नाही."

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी टाईप करणाऱ्याला ती दुखणी स्वतःला झाल्यासारखी वाटू लागतात. हृदयाच्या फायली आल्या की चार मुली छातीवर हात ठेवून बसायच्या, पोटाच्या आल्या की डबे तसेच परत जायचे. मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचो, "इथे तुम्हाला सगळे रोग होतील. घाबरू नका, फाईल संपली की बरे होतात." हा माझा हुकमी विनोद होता आणि बहुतेक वेळा तो खराही ठरायचा.

एके दिवशी हाडांच्या डॉक्टरच्या फायली आल्या. अक्का अर्ध्या फाईलीतून कधी उठत नसत. त्या दिवशी उठल्या, हेडफोन हातात घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, जरा ऐकून बघा की. एक बाई हाय, कारखान्यात डबे भरती. अंगठा नि दोन बोटं सुन्न. करंगळीला काही नाही. पहाटे उठून हात झटकती, मग बरं वाटतं. कप पडतात हातातून." त्यांचा आवाज खाली आला. "साहेब, ही मीच हाय."

मी हसलो. नुसता हसलो नाही, खुर्ची मागे सरकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "ऐका हो, या आठवड्यात अक्कांना कार्पल टनेल झालंय! नशीब, मागच्या आठवड्यात प्रोस्टेटच्या फायली होत्या!"

सगळं ऑफिस खिदळलं. अक्काही थोडं हसल्या. मग जागेवर जाऊन त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि ती फाईल पुरी केली. मी ती तपासली. आजाराचं नाव, तो कसा ओळखायचा, रात्री मनगटाला काय बांधायचं, सगळं तिच्यात होतं आणि स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

त्यानंतर अक्का हाताबद्दल बोलेनाशा झाल्या. पण त्यांच्या कामात एक विचित्र चूक दिसू लागली. शब्द एकमेकांना चिकटून यायचे. दोन शब्दांमधली जागा उजव्या अंगठ्याने सोडायची असते, आणि तो अंगठा कळीवर पडला की नाही हेच त्यांना कळत नव्हतं. मी चिकटलेल्या प्रत्येक जोडीभोवती इमानेइतबारे लाल गोल काढत राहिलो. शेवटी वरच्यांना द्यायला एक कागद लिहिला: कामात लक्ष नाही, हात झटकण्यात वेळ घालवतात, आजाराची सबब सांगतात, तीन महिन्यांत सुधारणा न झाल्यास कमी करावं. एका शिकाऊ मुलीकडून तो टाईप करून घेतला आणि खाली ऐटीत सही ठोकली. मोठ्या साहेबांनी अक्कांना बोलावून समज दिली. मग त्या सकाळी अर्धा तास लवकर येऊ लागल्या आणि प्रत्येक ओळ डोळ्यांनी पुन्हा तपासू लागल्या. हात झटकायचा झाला तर जिन्यात जाऊन झटकायच्या.

दर शनिवारी तारनाक्याहून एक निवृत्त डॉक्टर नव्या मुलींना शरीरशास्त्र शिकवायला यायचे. त्या हाडांच्या फाईलीनंतर साधारण चार महिन्यांनी, एका शनिवारी, ते जिना चढत असताना अक्का त्यांना तिथे हात झटकताना दिसल्या. डॉक्टरांनी तिथल्या तिथे दोन प्रश्न विचारले, मग त्यांना आत आणून बसवलं. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मनगटं खाली वाकवायला लावली. मिनिटभरात अक्कांच्या बोटांत तिम्मिरी भरली.

"कौनसे उंगलियाँ, अम्मा?"

"करंगळी सोडून," अक्का म्हणाल्या आणि करंगळी वर करून दाखवली.

डॉक्टरांनी त्यांचा तळवा उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. मनगटातून बोटांकडे जाणारी शीर अरुंद जागेत दाबली जाते, ती फार दिवस दाबलेली राहिली की अंगठ्याचं बळ जातं, यालाच कार्पल टनेल म्हणतात, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मग अक्कांना विचारलं, "इत्ते दिन किसी को बोले नै?"

मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नै डॉक्टरसाब. किसी को नै बोली."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. 'मला सांगितलं होतं' एवढे तीनच शब्द. मी शर्टच्या खिशातलं लाल पेन चाचपत उभा राहिलो.

डॉक्टरांनी मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधायला दिला. आठवडाभराने अक्का डबा उघडता उघडता म्हणाल्या, "वर्षानं सलग झोपले बघा." पुढे तपासणी झाली आणि अर्ध्या तासाचं छोटं ऑपरेशन झालं. तिम्मिरी गेली, बोटांना पुन्हा स्पर्श कळू लागला. अंगठ्याचा खळगा मात्र पुरता भरला नाही. बरणीचं झाकण त्यांना पुन्हा कधी एकटीने उघडता आलं नाही. "चार-पाच महिने आधी आल्या असत्या तर," मोठ्या साहेबांच्या खोलीत माझ्यासमोर अक्कांचा हात पुन्हा तपासताना डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. ते चार-पाच महिने कुठे गेले हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं.

अक्का परत आल्या त्या शिकवायच्या कामावर. खुर्च्यांवर त्यांनी उशा ठेवायला लावल्या. कुणाचं मनगट कडेवर टेकलं की पट्टीने हलकेच वर उचलायच्या. तासाला सगळ्यांना उठवून फिरायला लावायच्या. "दुखलं तर डॉक्टरकडं जायचं," त्या मुलींना सांगायच्या, "साहेबाला इचारत बसायचं नाही." मी शेजारीच असायचो. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं.

मी पुण्याला परतलो. पाच-सहा वर्षांनी हैदराबादला काम निघालं तेव्हा अंबरपेठेला त्यांच्या घरी गेलो. केस पांढरे झाले होते. चहा झाला, नवऱ्याची तब्येत विचारून झाली, आणि मग मी वाटेत घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. "अक्का, तुमच्याबद्दल मी वर एक कागद दिला होता. माझं फार चुकलं."

"तो व्हय? तो मीच टाईप केला होता की."

"तुम्ही?" मी विचारलं.

"त्या पोरीला पत्राची मांडणी कुठं येत होती? रडत माझ्याकडं आली. म्हटलं, आण इकडं. एक एक जागा बघून बघून सोडली."

सही करताना टायपिंग किती स्वच्छ आहे म्हणून मी त्या मुलीला शाबासकी दिली होती.

"कागदाचं काही नाही वो साहेब, नोकरीत कागद येतातच," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, सहज आठवलं तसं सांगत होत्या. "पर मी ते ऐकवायला आले, तवा तुमी हसले ना? त्याच्यानंतर मलाबी वाटाय लागलं, खोटंच असंल आपलं. रात्री दुखून उठायची, रडायची, नि मनात म्हणायची, खोटंच हाय हे."

मी माफी मागायला गेलो होतो ती कागदाची. हसण्याची माफी कशी मागतात ते मला तेव्हाही सुचलं नाही, आणि आता मागायला अक्का राहिल्या नाहीत.