अर्धी जिलबी

परवा एका बारशाच्या पंगतीत माझ्या शेजारी बाळाचे आजोबा बसले होते, म्हणजे मुलाकडचे मानाचे व्याही. जिलबी आली तसा त्यांनी पानावर हात आडवा धरला. विहीणबाई त्या हाताला थोड्याच जुमानणार?

"घ्या हो, नाहीतर आमचं काही चुकलं म्हणायचं."

"मग अर्धी वाढा."

"व्याह्यांना अर्धी? लोक काय म्हणतील?"

"उरलेली यांना द्या," त्यांनी मला पुढे केलं. मी परोपकारी माणूस, घेतली.

मग ते हळूच म्हणाले, "कडक उपास करून पाहिले. सुटले की दुप्पट जेवायचो. आता दोन वर्षं सगळं खातो, पण अर्धं. या पोटापायी जमिनीवर मांडी घालता येत नव्हती हो मला. म्हटलं, उद्या नातवंड झालं तर घेणार कुठे?"

मला वाटतं, पोटाचंही विहिणीसारखंच असावं. साफ नकार दिला की ते रुसतं आणि पुढे सूड उगवतं. अर्ध्यावर मात्र कुरकुरत का होईना, राजी होतं.

जेवणं उरकल्यावर बाळाला आजोबांच्या मांडीवर ठेवलं. त्याने त्यांचं नवंकोरं धोतर मनसोक्त भिजवलं. बायका दुपटी घेऊन धावल्या. आजोबा काही मांडी मोडायला तयार नव्हते.