उपाशी रताळी

“सकाळी पाहू,” म्हणत काकाजी फावडं खांद्यावर टाकायचे. पाणी मागायला आलेला माणूस समजून जायचा, आज काही खरं नाही.

काकाजी आमच्या शेजारचे, दवनीवाड्याचे पाणकर. मालगुजारीचा तो काळ. तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं, ते पाणकर ठरवी. आणि गंमत पाहा, ज्याच्या हाती अख्खं तळं, त्याच्याच परसातली रताळी उपाशी!

वरंब्यांवर वेल असत. त्यांच्या बुडाशी काकाजी धानाची तणस जाड अंथरत, म्हणजे ओल उडत नाही. उन्हात पानांनी मान टाकली की काकी घागर घेऊन धावायच्या आणि काकाजी आडवे यायचे.

“दुपारी समदेच मान टाकतेत. सकाळी टाकली तर देऊ पाणी. उपास हाये त्यायले.”

काकी चिडायच्या, त्याला कारण होतं. दर शिवरात्रीला नागऱ्याच्या देवळात, उपास धरलेल्यांना त्या टोपलीभर उकडलेली रताळी वाटत. लग्न होऊन आल्यापासून कधी खंड पडला नव्हता. एके साली पावसानं दगा दिला. उरलेलं पाणी जनावरांसाठी राखायचं, परसांना थेंब नाही, असं काकाजींनी ठरवलं, आणि सगळ्यांत आधी पाट बंद केला तो आपल्या घरचा.

“पाणकराच्या बायकोनं रिकामी टोपली घेऊन जावाचं काय?” काकींनी विचारलं आणि बोलणंच टाकलं. काकाजींनी तणस दुप्पट केली. पानं सकाळी मलूल दिसलीच तर आंघोळीचं पाणी वेलांना मिळे. एरवी माणूस ढिम्म!

शिवरात्रीच्या पहाटे आम्ही सगळे कुंपणापाशी जमलो. काकाजींनी पहिला वरंबा फोडला. निघाली! मुठीएवढीच, पण टोपली भरली. नागऱ्यात लोक विचारत होते, यात गूळ घातला काय म्हणून. बैलबंडीतून परतताना काकी नवऱ्याशी चक्क बोलत होत्या.

काकाजी पुढं हिवतापानं गेले. फार गुणाचा माणूस हो. त्या हंगामात तळं भरलेलं होतं. काकींची टोपली रिकामी राहू नये म्हणून आमच्या आळीनं त्यांच्या वेलांना मायेनं पाणी घातलं, ज्याला जेव्हा आठवण येई तेव्हा. वेल असे माजले की कुंपण दिसेना. शिवरात्रीला खणलं, तर खाली रताळी कुठली, उंदराच्या शेपट्यांसारखी नुसती मुळं!

आम्ही खाली मान घालून उभे. काकी पाहत राहिल्या, आणि काकाजी गेल्यापासून पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

“त्यायचा उपास मोडला ना तुमी,” म्हणाल्या. डोळे पुसले, विळा मागितला, वेलांचे तुकडे करून घरोघरी लावायला दिले. पुढच्या वर्षीची टोपली आळीनं भरायची होती.

माझ्याही परसात ते वेल लागले. दुपारी पानं मान टाकत. जीव तुटे, हात घागरीकडे जाई. मग कुंपणापलीकडून काकी नुसत्या खाकरत.

“सकाळी पाहू,” मी म्हणायचो आणि घागर खाली ठेवायचो.