तिच्या हाताची बातमी

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. छापून येतं ते मोठ्या लोकांचं, असंच मी समजत आलो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

नंदुरबारला दसऱ्यानंतर ओली लाल मिरची मोकळ्या मैदानावर वाळत घालतात. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. आई तिथे मिरचीचे देठ खुडायला जायची. अकरावीत असताना मी तिचा डबा घेऊन जायचो आणि तोंडाला रुमाल बांधून बायकांना पेपर वाचून दाखवायचो. शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे, तरी त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात.

"मास्तर, आपली बोलीमा सांग," एक मावशी म्हणायची. तेवढी एकच अट.

मग मी छापील मराठीची अहिराणी करत बसायचो. पेपरात अधूनमधून 'पतिराजांचा पारा चढला' अशी चौकट असायची, शेजारी हसरं चित्र. अहिराणीत सांगताना मला ते पतिराज सापडायचे नाहीत. 'नवरानी बायकोले मारं', एवढंच उरायचं. कुणी हसायचं नाही.

"मंग तिन्हं काय झाय?" बायका विचारायच्या. ते पेपरात नसायचं.

"पेपरवालानी बायको हाई वाचस का रे?" मावशी टोमणा मारायची. तेव्हा मात्र सगळ्या हसायच्या.

एका दुपारी चौकट होती, 'भाजी तिखट, पतिराज त्याहून तिखट'. गाव आमच्या शेजारचं, बाई पथारीवर काम करणारी. मी सांगितलं, "नवरानी तिन्हा उजवा हात मोडा."

सगळ्यांनी आईशेजारच्या रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं. तिथे बसणारी काकू सोमवारपासून आली नव्हती. तिच्याइतका भराभर चालणारा हात पथारीवर दुसरा नव्हता, आणि त्याच हातावर तिचं आणि तिच्या मुलीचं पोट होतं.

नंतर कळलं, भाऊ तिला नवापूरकडे माहेरी घेऊन गेला. हात नीट बसेल का, कुणालाच माहीत नव्हतं. बायका रोज विचारायच्या, "तिन्हं काही छापेल शे का?" मी पानं उलटून पाहायचो. शेवटी भीत भीत ती चौकट लिहिणाऱ्या बातमीदारांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "अरे भाऊ, हलकंफुलकं होतं ते. त्यात पुढे काय असणार?"

कप ठेवून मी परत आलो. आता वाटतं, हात कसा आहे एवढं तरी त्यांनी विचारायला हवं होतं.

पुढे मी शिकायला बाहेर पडलो. होस्टेलवरचा पेपर अजूनही मनात अहिराणीतच वाचतो. पथारीवर आई दर हंगामात शेजारची जागा धरून ठेवायची.

परवा तिचा फोन आला. मागे बायकांचा गलका.

"ती उनी," आई म्हणाली. काकू परत आली होती. "पोरगीले संगे लई उनी."

"आन हात?"

"वाकडा बसी गया. हळू खुडस. पन खुडस."