बाहेर न पडणारा बाण

नेलिदा आरंबिदे एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. मोंतेविदेओतल्या आमच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी होती, म्हणजे तिची खुर्ची होती. ती स्वतः काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात ‘माते’ या कडवट चहाचा पेला घेऊन येरझाऱ्या घालायची.

आम्ही अँब्युलन्स पाठवण्याची यंत्रणा बनवत होतो. फोन आल्यापासून गाडी पोचेपर्यंत काय काय घडतं, त्याची आकृती फळ्यावर काढलेली होती. काम रोज बदलायचं, फळा तसाच राहायचा. नेलिदाला ते बघवेना. मग तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. साध्या ओळी टाइप करायच्या, ‘फोन आला की नोंद, नोंद झाली की गाडी शोध’, आणि तो त्यातून चौकटी नि बाण आपोआप काढून द्यायचा. ओळ बदलली की चित्रही बदलायचं.

“तुमच्या कोडमध्ये जे आहे तेच लिहा, मनातलं नको,” म्हणत ती सगळ्यांच्या मागे लागली.

“अगं, टेक की जरा! तुझ्याकडे बघून मला घेरी येते,” आमचा प्रमुख वॉशिंग्टन म्हणायचा.

सोमवारी यंत्रणा सुरू व्हायची होती. शुक्रवारी दुपारी शेवटच्या ओळी आल्या आणि पूर्ण चित्र पडद्यावर उमटलं. नेलिदा चालता चालता थबकली. ‘गाडी रद्द’ या चौकटीत बाण शिरत होता, बाहेर मात्र एकही पडत नव्हता.

“कुणीतरी ओळ विसरलं असेल,” वॉशिंग्टन म्हणाला. “कुणाचा भाग हा?”

“माझा,” नेलिदा म्हणाली. “आणि ओळ विसरलेली नाही. मी कोडच तसा लिहिलाय.”

फळ्यावर तिथून दुसऱ्या गाडीकडे जाणारा ठळक बाण होता, तिच्याच हातचा. आम्ही सगळे त्याच्या भरवशावर होतो. खोटा फोन लावून पाहिला. गाडी बिघडल्याचं कळवलं, आणि रुग्णाचं नाव पडद्यावरून नाहीसं झालं.

“चाचणी लांबली असं कळवू त्यांना,” वॉशिंग्टन हळूच म्हणाला.

“माणूस जमिनीवर पडून वाट बघत राहिला असता, वॉशिंग्टन! खरं काय ते सांगायचं. फोन दे इकडे.”

तिनेच फोन लावला. पलीकडचा अँब्युलन्स सेवेचा संचालक इतका ओरडला की मलाही ऐकू आलं. ती “हो, चूक माझी” म्हणत खिडकीपासून दारापर्यंत फिरत राहिली. सुरुवात पुढे ढकलली गेली.

यंत्रणा अखेर सुरू झाली, त्याच सकाळी सेर्रो वस्तीकडे निघालेली गाडी वाटेत बंद पडली. पडद्यावर लगेच दुसरी गाडी निघाली आणि वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईपर्यंत पोचली. आम्ही टाळ्या वाजवल्या. वॉशिंग्टनने तिला मिठी मारली.

तिने ती कशीबशी सोडवली.

“दुसरीही बंद पडली तर?”

“तिसरी जाते गं बाई. कालच पाहिलंय आपण.”

“परत पाहू,” म्हणत ती कीबोर्डकडे वळली, तेही उभ्यानेच.