हरणीची साखळी

अंजनाला हट्टी म्हणणारी माणसं मलकापुरात पुष्कळ होती, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. तिचा नवरा आकाराम पंधरा वर्षं नेव्हीत पाणबुड्या होता. पेन्शनीत आला आणि उसात रमला. १९७६ च्या मे महिन्यात त्याला जुन्या कसबाचं काम मिळालं. कोयनेच्या जलाशयात एका ठेकेदाराची होडी बुडाली होती, तिचं इंजिन शोधायचं. चार दिवस लाँचवरच मुक्काम, पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या दोन, त्या भरायचं यंत्र लाँचवरच. अंजनानं पीठमीठ बांधलं आणि सांगून टाकलं, "सैपाकाला येते. आन पाण्यात बी उतरते."

"येडी झालीस काय? ती काय हीर हाय?"

"हिरीपरास खोल हाय, म्हणून तर तुमास्नी संगं नेते."

आता बाईच्या डोक्यात हे खूळ शिरलं कसं, ते सांगतो. तिचं माहेर त्याच पाण्याखाली होतं. चौदा वर्षांपूर्वी धरणाचं पाणी अंगणाला लागलं, तेव्हा माणसं आणि भांडीकुंडी ट्रकात चढली. हरणी नावाची कालवड दुसऱ्या फेरीला न्यायची ठरली, आणि दुसरी फेरी काही झालीच नाही. अंजनाची आई बयाबाई तेव्हापासून विट्याजवळच्या माळावर राहायची आणि लेक भेटली की एकच विचारायची, "अंजे, निघताना मी हरणीची साखळी सोडली व्हती का गं?" सोडली असेल तर जनावर डोंगराला लागून जगलं असेल. नसेल तर काय, हे म्हातारीच्या तोंडून कधी निघत नसे. यंदा तिनं अंथरूण धरलं होतं, तरी प्रश्न तोच. अंजनाला तिची कीवही यायची आणि संतापही. विचारत काय बसायचं? जाऊन बघायचं!

लाँच नानासोची होती. हा गडी बोलायचा कमी आणि बिड्या ओढायचा फार. बाईमाणसाला पाठीवर टाकी बांधताना बघून त्याची पेटलेली बिडी विझली. अंजनानं काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला, वजनाला शिशाचा पट्टा बांधला आणि आकारामच्या मागोमाग पाण्यात उतरली.

आणि पहिल्याच दिवशी घोटाळा केला.

लहानपणी नदीच्या डोहात दम धरण्यात तिचा हात कुणी धरत नसे. शिवाय शेतकऱ्याची बायको, वस्तू पुरवून वापरायची सवय. टाकीतली हवासुद्धा ती पुरवून वापरायला लागली! एक घोट घ्यायचा आणि तोंड मिटून बसायचं. वर येतानाही तेच. आकारामनं तिच्या पोटात बोट खुपसून हवा सोडायला लावली. लाँचवर आल्यावर मात्र त्याचं टाळकं फिरलं.

"अगं, वर येताना छातीतली हवा फुगती! दम धरलास तर फुफ्फुस फाटंल! बास झालं. आता भाकऱ्या थाप."

"हवा वाया कशाला घालवायची, आसं वाटलं मला."

"जीव वाया घालवशील!"

दुसरी एखादी रुसून बसली असती. अंजनानं भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढल्या, आणि दोर धरून लाँचच्या कडेला पाण्यात तोंड घालून राहिली. टाकीची नळी तोंडात धरून ती जात्यावरल्या ओव्या गुणगुणत होती. गुणगुणायचं म्हणजे हवा बाहेर टाकावीच लागते. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. ओठ सुजले. आकाराम इंजिन शोधून वर यायचा, तिचे बुडबुडे बघायचा आणि तिची टाकी भरून द्यायचा. बुडबुडे थांबत नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिनाला साखळदंड लागला. काम संपलं. चौथ्या दिवशी सकाळी आकाराम म्हणाला, "टाक्या भरल्यात. एकदाच. मी खूण केली की वर यायचं, मग काय बी दिसू दे."

नानासोनं लाँच अंजनाच्या माहेरच्या गावावर नेली. उन्हाळ्यानं पाणी ओसरलं होतं. देवळाच्या दीपमाळेचं टोक वर आलं होतं, आणि तिथून तिसरं घर अंजनाचं. दोघं दीपमाळेला धरून खाली गेली. हिरवट अंधार, बॅटरीचा उजेड हातभर. भिंती खचून गाळात बसल्या होत्या. चूल नाही, दार नाही. अंजनाला एकदम भडभडून आलं, पण ती गुणगुणत राहिली आणि हातानं चाचपत गोठ्याच्या बाजूला सरकली. दगडी खुंटा सापडला. खुंट्याला साखळी होती.

साखळी तिनं हळूहळू ओढली. गाळातून टोक वर आलं. त्याला कालवडीच्या गळ्याएवढा वळसा होता, आणि त्याचा आकडा कडीत पक्का अडकलेला होता. गाळात हाताला आणखी काहीतरी टणक लागलं. तिनं हात मागे घेतला. आकारामनं बॅटरी बाजूला केली आणि वर जायची खूण केली. ती निमूट निघाली.

दुसऱ्या दिवशी एस्टीनं दोघं विट्याला गेली. सगळी वाट अंजना मनाशी घोकत होती की खोटं बोलायचं. तिचा निश्चय पक्का होता. पण लेक पाण्याखालचं घर बघून आली हे कळताच बयाबाईनं हात धरून विचारलं, "बघितलंस व्हय गं? सोडली व्हती का मी?" आणि या हट्टी बाईची दातखीळ बसली.

आकाराम अंथरुणाजवळ सरकला. नोकरीत पंधरा वर्षं तो पाण्याखाली दिसेल तेच वर येऊन सांगत आला होता.

"सुटी व्हती मामी," तो म्हणाला. "ह्या हातानं धरून बघितली मी. आकडा उघडा."

म्हातारीचा सगळा चेहरा हलला.

"म्हंजी डोंगराला गेली आसंल."

"तर! कवाच गेली आसंल."

"मला वाटायचंच की!" बयाबाई रडत रडत हसली. "जनावर बांधून निघणारी बाई न्हवं मी. व्हय का न्हाई गं अंजे?"

"व्हय आये," अंजना म्हणाली. "तूच सोडलीस."