एका किडनीवर लडाख

मी लडाखला जाणार म्हटल्यावर खाडीकाठच्या बाळकुममधल्या आमच्या घरात जो गोंधळ झाला, तो विचारू नका. आई कपाळाला हात लावूनच बसली. "कला जातेस गो मराला? एकच किडनी रायलीय ना तुजी!"

दुसरी माझ्या धाकट्या भावाच्या पोटात आहे. मीच दिली, राजीखुशीने. पण जाण्याला सगळ्यात जास्त विरोध त्याचाच. ऑपरेशन झाल्यापासून हा माझ्याशी भांडायचाच बंद झालेला. मी पिशवी उचलली की धावत येणार, जिना चढले की मागे उभा राहणार. जसं काय त्याने मला अर्धी करून ठेवलीय! असला राग यायचा ना मला. म्हटलं, आता जातेच, आणि ठणठणीत परत येऊन दाखवते.

तयारीही जोरात. आमच्या शेतावर टॉवर झाला, त्यात सगळ्यात वरचा फ्लॅट काकांचा. काका म्हणाले, "उंचीची सवय करायचीय ना? मग आमच्याकडे येऊन राहा." आणि मी, शाळेत पोरांना शिकवणारी बाई, खरोखर गादी घेऊन वर राहायला गेले. खालून आई रोज डबाभर कलेजी पाठवायची, रक्त वाढायला.

भावाला घेऊन कल्याणच्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेले आणि हे सांगितलं, तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो मॅडम, टॉवरवर हवा खाडीचीच! किडनीला पत्ताही लागत नाही. खऱ्या उंचीवर हवा विरळ, रक्तात ऑक्सिजन कमी पडतो. किडनीला ते कळतं आणि ती एक हार्मोन सोडते. मटणाची नळी चोखता ना? तसाच गर आपल्या हाडांत असतो, तिथे रक्तातल्या लाल पेशी बनतात. हार्मोन म्हणजे तिथे गेलेली ऑर्डर, माल वाढवा. कलेजी हा कच्चा माल. ऑर्डरच नाही तर तो नुसता पडून राहणार." मग भावाकडे बघून म्हणाले, "डायलिसिसच्या वेळी तुम्हाला सुई टोचायचे ना रक्तासाठी? ते हेच हार्मोन. तुमच्या किडन्या ते बनवत नव्हत्या."

भाऊ खुर्चीत चुळबुळला. "मग ताईची ऑर्डर अर्धीच जाणार ना?"

"उरलेली किडनी जास्तीचं काम अंगावर घेते. रिपोर्ट चांगले आहेत, जाऊ द्या त्यांना. फक्त घाई नको. नव्या पेशी यायला आठवडे लागतात."

बाहेर आल्यावर भाऊ पुटपुटला, "बोलायला काय जातंय त्यांचं."

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले. लेहला सुरुवातीला चपला घालायला वाकले तरी धाप लागायची. डोकं ठणकायचं. सोबतचे फिरायला जायचे, मी मुकाट खोलीत पाणी पीत पडून. भावाचा रोज फोन. "ताई, परत ये. हात जोडतो."

"गप रे. ऑर्डर गेलीय, माल यायला वेळ लागतो."

मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? एकटीच्या जिवावर त्या किडनीला जमलं नाही तर? पण परत फिरले असते, तर हा जन्मभर माझ्यामागे पिशव्या उचलत फिरला असता. मी राहिले. हळूहळू चालायला लागले, मग चढायला. सुट्टी संपता संपता डोंगरावरच्या खिंडीत पोचले, सगळ्यांच्या मागून, पण माझ्या पायांनी.

परत आल्यावर आधी रक्त तपासून घेतलं, आणि रिपोर्ट भावाच्या हातात दिला. हिमोग्लोबिन जाण्याआधीपेक्षा वाढलेलं. त्याने दोनदा वाचलं.

"तिकडे सुई घेतलेलीस?"

"कसली सुई? माझ्या किडनीने केलंय."

"एकटीने?"

"मग काय, तुझी आलेली मदतीला?"

तो मटकन पायरीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. आई घाबरून बाहेर आली. मी तिला हातानेच थांबवलं आणि त्याच्याशेजारी बसले. मग त्याने नाक पुसलं.

"म्हणजे तुझं काही कमी नाही ना केलं मी?"

"नाही रे," मी म्हटलं. "काहीच नाही."